फसलेल्या शस्त्रक्रियांचा शोधनिबंध



प्रयोगशाळा असलेल्या प्रत्येक कॉलेजात एक विद्या कोणी न शिकवता येते, ती म्हणजे रीडिंग ‘बसवण्याची’. उत्तर आधीच ठाऊक असतं. त्याला शोभतील असे आकडे मागून जर्नलमध्ये उतरतात आणि सरांची सहीही मिळून जाते. आजची गोष्ट ज्या डॉक्टरांची आहे, त्यांची सुरुवातीची सगळी रीडिंग्ज चुकली होती. त्यांनी ती जशीच्या तशी छापली.

डॉ. थॉमस स्टार्झल. जन्म १९२६ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ल मार्स या लहानशा गावातला. वडील तिथलं वर्तमानपत्र चालवायचे आणि फावल्या वेळात विज्ञानकथा लिहायचे. छापील मजकुराचं हे बाळकडू मुलाला चांगलंच मानवलं. २०१७ मध्ये, नव्वदी उलटल्यावर डॉक्टर गेले, तेव्हा त्यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक वैद्यकीय लेख जमा होते. एका काळात तर सरासरी दर ७.३ दिवसांना त्यांचा एक निबंध बाहेर पडत होता! वैद्यकातल्या इतर संशोधकांनी सर्वाधिक संदर्भ ज्यांचे घेतले, त्यांत १९९९ मध्ये त्यांचं नाव सर्वांत वर निघालं.

या ढिगातला एक निबंध मात्र वेगळा काढून वाचावा असा आहे.

१ मार्च १९६३. डेन्व्हर शहर. टेबलावर तीन वर्षांचा मुलगा. त्याच्या पित्तनलिका जन्मापासूनच बंद होत्या, त्यामुळे पित्त आतच साठून यकृत निकामी झालं होतं. माणसात यकृत बदलण्याचा जगातला तो पहिलाच प्रयत्न. स्टार्झल यांनी त्याआधी कित्येक वर्षं कुत्र्यांवर सराव केला होता. पण रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतच तयार करतं, आणि इथे तेच खराब झालेलं. रक्तस्राव थांबेना. मूल टेबलावरच गेलं.

पुढच्या रुग्णांत रक्त गोठावं म्हणून औषधं दिली गेली. स्राव आटोक्यात आला, पण शस्त्रक्रियेपुरतं रक्त वळवण्यासाठी लावलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसांत जाऊन अडकल्या. एका संकटावरचा उपाय दुसरं संकट घेऊन आला. त्या वर्षी डेन्व्हरमधल्या पाच रुग्णांपैकी सर्वांत जास्त जगलेला रुग्ण २३ दिवस जगला.

डिसेंबर १९६३ मध्ये शस्त्रक्रियेच्या एका नामांकित नियतकालिकात पहिल्या तीन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तिघेही दगावलेले. ढिगातून वेगळा काढून वाचावा असा निबंध तो हाच. मग स्टार्झल यांनी यकृतारोपण थांबवलं, ते १९६७ पर्यंत. त्या जुलैत यकृताच्या कर्करोगानं ग्रासलेल्या दीड वर्षांच्या मुलीला नवं यकृत बसवलं. ती वर्षाहून अधिक काळ जगली.

आजच्या या बक्षीस समारंभात विंगेत ज्यांचे पाय लटपटले, त्यांच्यासाठी एक माहिती. प्रत्येक शस्त्रक्रियेआधी भीतीनं पोटात गोळा यायचा, हे याच माणसानं १९९२ मधल्या ‘द पझल पीपल’ या आत्मचरित्रात कबूल केलं आहे.

खरी कलाटणी औषधानं दिली. परकं यकृत दिसलं की शरीर त्यावर तुटून पडतं. हा हल्ला रोखणारं सायक्लोस्पोरिन इंग्लंडच्या रॉय काल्न यांनी रुग्णांत वापरून पाहिलं होतं. स्टार्झल यांनी १९८० पासून त्याला स्टेरॉइडची जोड दिली. त्याआधी वर्षभर जगणारे रुग्ण साधारण एक तृतीयांश होते, ते आता सत्तर टक्क्यांपर्यंत पोहोचले. १९८९ मध्ये टॅक्रोलिमसवरचा त्यांच्या गटाचा निबंध आला. हे औषध जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळालेलं. आज प्रत्यारोपणानंतरच्या औषधांत ते अग्रभागी आहे.

भारतात यकृतारोपणासाठी आधी कायदा हवा होता. आरोग्य हा राज्यांचा विषय. म्हणून संसदेनं कायदा करावा, असे ठराव गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी केले, आणि त्यांच्या आधारावर १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला.

नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात वीस महिन्यांचं एक मूल टेबलावर होतं. आजार तोच, डेन्व्हरच्या मुलाचा. या वेळी यकृताचा तुकडा वडिलांनी दिला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. मुलगा शाळेत गेला, मोठा झाला, त्यानं वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि तो डॉक्टर झाला.

आता बक्षिसांकडे वळू या. यादीत पहिलंच नाव उत्कृष्ट जर्नलचं दिसतंय.