दुखापतीतून उठणारे मूल आणि परदेशचा प्रवास
(रोहिणखेड येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या संमेलनात शिक्षण, विवाह आणि शेती या विषयांवर दरवर्षी बोलले जाते. यंदा कार्यकारिणीने आम्हांस थोडा निराळा विषय दिला आहे. दुखापतीतून बरे होत असलेल्या मुलाला घेऊन परदेशी जावयाचे असेल, तर घरच्या माणसांनी काय पाहावे? विषय ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले आम्ही पाहिले. रोहिणखेडच्या सभेत विमानाच्या गोष्टी कशाला, असे त्यांच्या मनात आले असावे. पण आज आपल्यातील किती घरांची मुले दुबई, मस्कत, दोहा येथे नोकरीस आहेत, याची ज्याने त्याने मनातल्या मनात गणती करावी. सुटीत नातवंडे गावी येतात, झाडांवर चढतात, बैलगाडीच्या मागे लोंबकळतात. आणि परतीचे तिकीट आधीच काढलेले असते.

आपले गाव बालाघाटच्या पायथ्याशी. सन 1437 मध्ये आणि पुन्हा 1590 मध्ये परमुलखातील फौजा येथे येऊन लढल्या, याची नोंद इतिहासात आहे. सन 1582 ची मशीद तर गावात आजही उभी आहे. त्या काळी दूरदूरची माणसे रोहिणखेडास येत. आता रोहिणखेडची माणसे दूरदूर जातात. एकोणिसाव्या शतकात अनेक ज्ञातींच्या सभांत परदेशगमनाचा विषय निघे, तो समुद्र ओलांडून आलेल्यास पंक्तीस घ्यावे की प्रायश्चित्त द्यावे, एवढ्यापुरताच. त्याच काळात, 1883 साली, पंडिता रमाबाई आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. लहान मूल बरोबर घेऊन केलेला तो सागरप्रवास आठवला, म्हणजे आजच्या तीन तासांच्या दुबईच्या विमानाचे भय वाटेनासे होते. तथापि निरोगी मुलाचा प्रवास वेगळा आणि मोडलेले हाड सांधत असलेल्या मुलाचा वेगळा.

आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगणे येथे क्रमप्राप्त आहे. आमची सात वर्षांची नात नागपंचमीच्या झोक्यावरून पडली आणि तिच्या डाव्या कोपराच्या वरचे हाड मोडले. या वयाच्या मुलांत कोपराचा हा मोड फार आढळतो. पसरलेल्या हातावर मूल पडते आणि दंडाचे हाड कोपरालगत दुभंगते. शस्त्रक्रियेने दोन बारीक तारा घालून हाड जागेवर बसविण्यात आले. परतीचे तिकीट बाराव्या दिवसाचे होते. तिच्या वडिलांची रजा संपत होती, तिकडची शाळा उघडावयाची होती आणि तिकीट बदलण्याचा दंड लहान नव्हता. घरात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, विमानात तर नुसते बसावयाचे आहे, त्यात काय होणार? दुसरा म्हणे, तारा निघाल्याशिवाय मुलीला हलवू नका.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. आठव्या दिवशी पुन्हा क्ष-किरण चित्र काढावयाचे; हाड सरकले असेल तर ते त्याच सुमारास कळते आणि तेव्हाच ते दुरुस्त करता येते. तारा साधारणतः तीन ते चार आठवड्यांनी निघतात. मधल्या काळात विमानाने जाण्यास बंदी नाही. परंतु तारांच्या तोंडाशी पू झाला, तर नव्या गावात नव्या डॉक्टरकडे पहिल्यापासून सारे सांगावे लागेल. आम्ही तिकीट पुढे ढकलले. वडील एकटे गेले, मुलगी आणि तिची आई राहिली. चौथ्या आठवड्यात तारा निघाल्या, पाचव्या आठवड्यात त्या दोघी निघाल्या आणि सोबतीला आम्ही होतो. शाळेचे दिवस बुडाले, पैसेही गेले. एखाद्याचा निर्णय परिस्थितीप्रमाणे निराळा होईल आणि तोही योग्यच असू शकेल. आमचे म्हणणे एवढेच आहे की तारीख ठरविताना पहिला शब्द डॉक्टरांचा असावा. प्रवासी दलालाने तो देऊ नये आणि आत्याबाईंनीही देऊ नये.

आता विमानात नेमके काय होते, ते सांगतो. विमान कितीही उंच उडो, आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे सुमारे 5,400 फूट. विमानात बसलेले मूल कळसूबाईच्याही वर बसलेले असते, असे म्हणावयास हरकत नाही. एवढ्या कमी दाबात कोंडलेली हवा फुगते. आठ हजार फुटांच्या दाबास तिचे आकारमान सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. म्हणून डोक्याच्या दुखापतीत कवटीच्या आत हवा शिरली असेल, छातीच्या मारामुळे फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, किंवा डोळ्याच्या शस्त्रक्रियेत आत वायू सोडला असेल, तर तज्ज्ञांनी स्पष्ट अनुमती देईपर्यंत उड्डाण नाही म्हणजे नाही. प्लास्टरखालीही हवा अडकते आणि नव्या दुखापतीची सूज तर वाढत असतेच. याच कारणास्तव बंद प्लास्टर घालून दोन दिवस झालेले नसतील, तर अनेक विमान कंपन्या ते लांबीने चिरून घेतल्याशिवाय प्रवाशाला घेत नाहीत. चिरलेल्या प्लास्टरवर पट्टी गुंडाळतात. त्यामुळे हाडाला धोका नसतो.

सुजेचा प्रश्न केवळ विमानापुरता नाही. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 साली लिहून ठेवले आहे की फार घट्ट बांधलेल्या हातातील स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि हात कायमचा आखडतो. असा आखडलेला हात खेड्यापाड्यांतून आजही पाहावयास मिळतो, आणि पुष्कळदा त्याच्या मुळाशी बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधलेली पट्टी असते. प्रवासात मुलाची वेदना औषधानेही न थांबता वाढू लागली, बोटे सरळ करताच ते किंचाळले, बोटे पांढरी, गार अथवा बधिर झाली, तर मुक्कामास पोहोचण्याची वाट पाहू नये. येथे काही तासांचाच हिशेब असतो.

दुसरी गोष्ट आमच्या भगिनींना विशेषेकरून सांगावयाची आहे. प्लास्टर निघाल्यावर कोपर काही काळ ताठ राहते. जाण्यापूर्वी हात मोकळा व्हावा म्हणून आजी तेल घेऊन बसते, कोणी हाडवैद्याला बोलावून हात ओढवून घेतो. मायेपोटीच होते हे. पण कोपराला चोळल्याने आणि जोराने वाकविल्याने स्नायूत नवे हाड धरते आणि सांधा कायमचा अडतो. मूल आपले आपण खेळता खेळता हात जेवढा हलवील, तेवढाच व्यायाम त्याला पुरे. आमच्याही घरी तेलाची वाटी आली होती. ती देवघरातील समईच्या कामी आली.

प्रवासाचा सर्वांत कठीण भाग कोणता, असे विचाराल तर आम्ही विमानाचे नाव घेणार नाही. येथून मलकापूर स्टेशनपर्यंतचा रस्ता आणि पुढे मुंबईपर्यंतचा सुमारे पाचशे किलोमीटरचा आगगाडीचा प्रवास, हाच खरा कसोटीचा. वरच्या बर्थवर मुलाला चढवू नये, खालचा बर्थ आधीच मागून घ्यावा. मुंबईत पहाटे उतरून तसेच विमानतळ गाठण्यापेक्षा नातेवाइकांकडे एक दिवस विसावा घ्यावा. गर्दीत मुलाचा दुखरा हात कोणाच्या बाजूला येतो, याकडे एका माणसाने लक्ष ठेवावे. त्याच्या हाती सामान देऊ नये. विमानातही हाच विचार. नातीचा डावा हात दुखरा, म्हणून आम्ही डाव्या अंगाची खिडकीची जागा घेतली. मधल्या वाटेने अन्नाची गाडी फिरते, तिचा धक्का नेमका कोपराला लागतो. पायास लांब प्लास्टर असेल, तर पाय पसरण्यास जागा लागते. ती तिकीट काढतानाच मागावी. संकटकाळच्या दाराजवळची ऐसपैस जागा मुलांना देत नाहीत. चाकाची खुर्चीही आधी कळविल्यास मिळते.

कागदांविषयी थोडे. डॉक्टरांचे इंग्रजी पत्र असावे आणि त्यात दुखापतीची तारीख, शस्त्रक्रियेचे नाव, शरीरात धातू आहे की नाही, मुलाचे वजन, चालू औषधे आणि विमानप्रवासास हरकत नसल्याचा शब्द, एवढे लिहिलेले असावे. आमच्याजवळ असे पत्र होते, तरीही विमानतळावरील एका खिडकीवरच्या तरुणाने, झोळीत अडकविलेला हात पाहून, आम्हांस अर्धा तास उभे केले. पत्र वरिष्ठांनी वाचल्यावर वाट मोकळी झाली. पत्र नसते तर काय झाले असते, ते सांगावयास नको. काही कंपन्या स्वतःचा छापील वैद्यकीय नमुना डॉक्टरांकडून भरून मागतात. तो काही दिवस आधी पाठवावा लागतो. धनुर्वाताची सुई केव्हा दिली, तेही लिहून घ्यावे. मुलांचा पासपोर्ट साधारणतः पाचच वर्षांचा असतो. तारीख पुढे ढकलताना त्याची आणि परदेशातील निवासपरवान्याची मुदत पाहावी. प्रवासाच्या विम्यात आधीच झालेल्या दुखापतीचा खर्च बहुधा वगळलेला असतो, म्हणून विमापत्र घेण्यापूर्वीच लेखी विचारावे.

औषधांच्या बाबतीत अरब देशांत फार जपावे लागते. ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेली वेदनाशामके संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. तेथील आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी नसताना ती बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो. मुलांना ही औषधे देऊच नयेत असे आता मानतात, पण आजोबांच्या गुडघेदुखीची पुडी त्याच पिशवीत असते, हे विसरू नये. प्रत्येक औषध मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह असावे.

एक गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही. तिकिटाचे पैसे, बुडालेली शाळा, वडिलांचे एकटे जाणे, हे सारे मुलासमोर बोलले जाते. 'झोक्यावर उभी राहिली नसतीस तर,' असे कोणी सहज बोलून जातो. आमची नात पाच आठवडे झोक्याचे नाव काढीत नव्हती. आगगाडीत, इगतपुरीच्या पुढे, तिने आईला हळूच विचारले, की बाबा रागावले आहेत काय? तोवर हा प्रश्न तिच्या मनात आहे, याची घरात कोणास कल्पना नव्हती. आईने तेथल्या तेथे दूरध्वनी लावून बापलेकीचे बोलणे करून दिले.

तिकडे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तेथील अस्थितज्ज्ञास दाखवावे. हाडाच्या वाढीच्या टोकाला इजा झाली असेल, तर वर्षभर मधूनमधून तपासणी लागते, कारण हात वाकडा वाढतो आहे की काय हे महिन्या-दोन महिन्यांत उमगत नाही. शाळेस पत्र देऊन खेळाची सुटी मागावी आणि ती केव्हा संपते तेही डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. नाहीतर मूल वर्षभर कडेला बसून राहते. क्ष-किरण चित्रांचा एक संच मुलाबरोबर द्यावा आणि दुसरा गावी कपाटात ठेवावा. आमच्या नातीचा तेथील डॉक्टर दर तपासणीस जुने चित्र मागतो, आणि आम्ही ते येथून दूरध्वनीवर पाठवीत असतो.