जुन्या वेलींचा भाव

(महासंघाच्या मासिक सभेतील भाषणातून)



आज मी वाइनबद्दल बोलणार आहे. हसू नका! दारूबंदीसाठी आपण मोर्चे काढलेत, बाटलीचं कौतुक करायला मी उभी नाही. मला सांगायचंय ते वेलींचं आणि भावाचं.

दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिथे काळी द्राक्षं नेली. त्या जातीला तिथे 'पाईस' म्हणतात. पाईस म्हणजे देश. आपण 'देशी' म्हणतो ना, तसंच. माउले, इताता या भागांत तिच्या शंभर-दोनशे वर्षांच्या वेली अजून उभ्या आहेत. ना मांडव, ना ठिबक. झुडपासारखी वेल, पावसाच्याच पाण्यावर. आपल्या नाशिककडे वेल रूटस्टॉकवर कलम करतात. तिथली स्वतःच्या मुळावर उभी, कारण मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड त्या देशात पसरलीच नाही.

पुढे फ्रेंच जाती आल्या आणि पाईस हलकी ठरली. मोठ्या वाइनरी ती कवडीमोलानं घेऊ लागल्या. पुष्कळांनी वेली उपटल्या, आसपास पाइनची लागवड वाढली. 2017 आणि 2023 च्या वणव्यांत जुन्या बागाही जळाल्या.

मग काही छोट्या वाइनरींनी याच वेली पुन्हा हाती घेतल्या. पद्धत आजोबा-पणजोबांची. लाकडी पिंपावर बांबूच्या काड्यांची चाळण ठेवायची, तिला 'सारांदा' म्हणतात. तिच्यावर घड हातानं घासायचे. मणी खाली, देठ वर! सालीसकट रस आंबला की लाल रंग उतरतो. या वाइनला 'पिपेन्यो' म्हणतात, म्हणजे पिंपातली. कालपर्यंत तिला गावठी म्हणून हिणवायचे. आज तीच बाटलीत भरून परदेशी जाते.

पण एक गोष्ट मला खटकते. ज्याच्याकडे पिंप नाही, बाटल्यांना भांडवल नाही, तो तीच द्राक्षं अजून किलोवर विकतो. वेल तेवढीच जुनी, मेहनत तेवढीच.

आमच्या गटानं गेल्या साली जांभळं क्रेटनं व्यापाऱ्याला दिली. काय दर मिळाला, सांगायला लाज वाटते. तेव्हा पुढच्या सभेला येताना वहीत लिहून आणा: बांधावर जुनी झाडं किती, माल किती निघाला, कुणाला आणि काय भावानं दिला. गर काढायच्या यंत्राच्या कर्जासाठी बँकेत जायचं, तर हे आकडे लागतील.