स्वप्नातले कॉलेज आणि शिष्यवृत्तीची जागा

शिष्यवृत्ती दोन प्रकारची असते. एक विद्यार्थ्याच्या नावाने मिळते आणि तो जिथे शिकायला जाईल तिथे त्याच्याबरोबर जाते. दुसरी एखाद्या कॉलेजातल्या ठरावीक जागेला बांधलेली असते. जागा सोडली की सवलतही सुटते. आवडते कॉलेज घ्यावे की फीमाफीचे, हा बारावीनंतर महाड-पोलादपूरच्या घराघरांत उठणारा प्रश्न या दुसऱ्या प्रकारामुळे अवघड होतो.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण महाड तालुक्यातच आहे. रायगडच्या पायथ्याजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. ती गुणांसाठी होती, कुठल्या कॉलेजातल्या जागेसाठी नव्हती. पुढे केंब्रिज, आयसीएस आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरपद, असा त्यांचा प्रवास झाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या बळावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारात अट होती: शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात अस्पृश्य म्हणून राहायला घरसुद्धा मिळाले नाही, आणि ती नोकरी टिकली नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले आणि चारच वर्षांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रहाचे नेतृत्व केले. त्यांच्या शिक्षणाला शिष्यवृत्तीनेच वाट करून दिली. तिची मुदत आणि अट यांनी ती वाट मध्येच अडवली. शिष्यवृत्तीची रक्कम सगळे विचारतात, मुदत आणि अट फार थोडे विचारतात.

आजच्या अभियांत्रिकी प्रवेशात जागेला बांधलेली सवलत म्हणजे टीएफडब्ल्यूएस, शिक्षणशुल्क माफीची योजना. यात मंजूर जागांच्या पाच टक्के जागा वाढीव असतात आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबातील मुलांना त्या गुणवत्तेने मिळतात. माफ होते ते शिक्षणशुल्क. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्क भरावेच लागते. या जागेवर प्रवेश घेतल्यावर पुढे कॉलेज वा शाखा बदलता येत नाही, ही अट सर्वांत जड आहे. सीईटीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम लागला की तोच प्रवेश पक्का धरला जातो. त्यामुळे फीमाफीच्या मोहाने नको असलेली शाखा वर टाकणे धोक्याचे आहे.

घरचा हिशेब इथूनच सुरू होतो. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडहून एसटीने रोज ये-जा करण्याजोगे आहे. पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय म्हणजे बाहेर राहणे आले, आणि पुण्याच्या वाटेवरचा वरंध घाट पावसाळ्यात दरडींनी बंद पडतो. मात्र पोलादपूरच्या अनेक घरांतले चाकरमानी मुंबईत आहेत. काकाकडे वा मामाकडे सोय होत असेल, तर लांबचे कॉलेज दिसते तितके महाग पडत नाही. सरकारी कॉलेजची फी खासगीपेक्षा बरीच कमी असते, हेही विसरले जाते. खासगी कॉलेजच्या माफ झालेल्या फीशी तिची तुलना केल्यावरच खरा फरक कळतो.

मुलींसाठी हा हिशेब बराच बदलला आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाचे पूर्ण शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ आहे. ही सवलत मुलीच्या नावाने आहे. पोलादपूरच्या मुलीला फीसाठी दुय्यम कॉलेज निवडण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. प्रश्न राहतो तो राहण्याजेवणाचा. सरकारी वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना त्यासाठी स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. नामांकित संस्थांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदार यांशिवाय कर्जाची सोय आहे.

हव्या त्या शाखेची फीमाफीची जागा बऱ्या कॉलेजात मिळत असेल, तर ती घ्यावी. कॉलेजच्या नावासाठी शेत गहाण टाकू नये. शाखाच नकोशी असेल, तर माफ झालेली फीसुद्धा महाग पडते. ऑप्शन फॉर्म कायम करण्यापूर्वी पालक आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसून योजनेची माहितीपुस्तिका वाचावी आणि चार वर्षांचा पूर्ण खर्च कागदावर मांडावा.