वाघबकरी : एका जुन्या डावाचे गुणदोष

मुरबाडहून माळशेजकडे जातांना वैशाखरे लागतें. तेथून जवळच नाणेघाटाची पायवाट चढूं लागते. सातवाहनांच्या काळीं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतील माल जुन्नर-पैठणकडे याच वाटेनें जाई. या घाटाच्या कातळावर खेळाचे पट कोरलेले आढळतात. चढण चढून आलेल्या वाटसरूनें घटकाभर टेकावें आणि चार खडे मांडावे, ही हौस फार जुनी आहे.

वाघबकरी हा असाच पटावरचा डाव. त्याचे प्रकार अनेक. नेपाळांत बाघचाल म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रकारांत २५ घरें असतात. चार कोपऱ्यांत ४ वाघ बसतात. २० बकऱ्या आळीपाळीनें एकेक मांडावयाच्या, आणि सर्व मांडून होईपर्यंत एकही हलवावयाची नाहीं. वाघानें लगतच्या बकरीवरून पलीकडच्या मोकळ्या घरांत उडी मारली कीं ती बकरी गेली. ५ बकऱ्या गेल्या तर वाघांची सरशी. चारही वाघ कोंडले तर बकऱ्यांची.

या डावाचा मोठा गुण असा कीं, दोन्ही पक्षांचें बळ विषम आहे. एकटी बकरी मरते. परंतु तिच्या पाठीशीं दुसरी उभी राहिली कीं वाघाला उडी घेण्यास घरच उरत नाहीं. दुबळ्यांचा निभाव कसा लागतो, हें मुलाला येथें उपदेशावांचून कळतें.

दोषही आहेत. दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर हा डाव बरोबरींत सुटतो, असें संगणकाच्या साह्यानें सिद्ध करणारा शोधनिबंध २००९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. शिवाय साऱ्या बकऱ्या सारख्याच. एक गेली तर हिशेब चुकतो, जीव हळहळत नाहीं.

ही उणीव जपानांतील ‘फायर एम्ब्लेम’ या यंत्रावरील खेळानें १९९० सालीं भरून काढली. तोही आळीपाळीच्या चालींचाच. परंतु त्यांतील प्रत्येक योद्ध्यास नांव आहे, लढतां लढतां त्याचें कसब वाढतें, आणि एकदां पडला कीं तो बहुधा परतत नाहीं. त्यामुळें प्रत्येक चालीस वजन येतें. मात्र यंत्रापुढें बसलेला खेळाडू आवडता योद्धा पडतांच यंत्र बंद करून तीच लढाई पुन्हां आरंभितो. २०१० सालच्या भागांत तर पडलेले पुढील लढाईंत परत यावे, अशी मुभाच मिळाली. नवशिक्याला ती सोयीची खरी. पण चुकीचें मोल तेवढेंच उतरतें.

वाघबकरीत समोर भिडू बसलेला असतो; तो चाल मागें घेऊं देत नाहीं. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं मुलें यंत्रावर असे खेळ खेळतात, त्यांनीं ते हिसकावून घेऊं नयेत. फरशीवर खडूनें २५ घरें आंखावीं आणि मुलासमोर स्वतः बसावें. हरलेला डाव पुरा खेळण्याची संवय तेथेंच लागेल.