विदर्भाचा कोसा, इलॅस्टिन आणि ऊतींची पुनर्बांधणी

त्वचा, फुप्फुसे आणि धमन्या ताणल्या जाऊन पुन्हा मूळ आकारात येतात, ते इलॅस्टिन या प्रथिनामुळे. मोठ्या धमन्यांच्या कोरड्या वजनात त्याचा वाटा निम्म्यापर्यंत जातो. पेशी ट्रोपोइलॅस्टिनचे सुटे रेणू बाहेर सोडते. लायसिल ऑक्सिडेज हे तांब्यावर चालणारे विकर त्यांतील लायसिनची टोके एकमेकांना जोडते आणि चार लायसिन मिळून डेस्मोसिनची गाठ बसते. असा विणलेला तंतू पाण्यात विरघळत नाही. त्याचे अर्धायुष्य 70 वर्षांच्या आसपास मानले जाते. मात्र शरीर इलॅस्टिन तयार करते ते मुख्यतः गर्भावस्थेत आणि बालपणात. प्रौढ वयातली खोल भाजलेली जखम कोलॅजेनने भरून निघते, इलॅस्टिन मात्र जवळपास परतत नाही. जखम बरी होऊनही मान आणि कोपर आखडून राहतात, त्याचे हे एक कारण आहे.

टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये पेशींना वाढण्यासाठी तात्पुरता सच्छिद्र सांगाडा दिला जातो. तोच स्कॅफोल्ड. त्याने पेशींना धरावे, ऊतीइतकाच ताण सोसावा आणि नवी ऊती उभी राहील त्या वेगाने विरघळून जावे, एवढ्या अपेक्षा त्याच्याकडून असतात. अशा सांगाड्यात इलॅस्टिन हवे, ते केवळ ताणण्यासाठी नाही. 1998 साली इलॅस्टिनचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. त्यांच्या धमन्यांतील स्नायुपेशी अनिर्बंध वाढल्या आणि धमन्या आतून बुजल्या. इलॅस्टिन या पेशींना आवर घालते, हे त्यातून सिद्ध झाले. 6 मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या कृत्रिम रक्तवाहिन्या लवकर बंद पडतात. त्यांच्या आतल्या अस्तरासाठी इलॅस्टिनचा विचार होतो तो म्हणूनच.

इलॅस्टिन मिळवण्याचे जुने साधन म्हणजे गुरांच्या मानेतील जाड अस्थिबंध. ऑक्झॅलिक आम्लात उकळल्यावर त्यातून विद्राव्य अल्फा-इलॅस्टिन सुटते. प्राणिज स्रोतातून येणारा संसर्ग आणि रुग्णांचा आक्षेप या दोन अडचणी तिथे कायम राहतात. मानवी जनुक जिवाणूत घालून ट्रोपोइलॅस्टिन बनवता येते. सिडनीत अँथनी वाइस यांच्या गटाने ते तंत्र पुढे नेले. तिसरी वाट डॅन उरी यांच्या कामातून आली. इलॅस्टिनमधील पाच अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा जोडून त्यांनी बहुवारिके घडवली. ही बहुवारिके थंड पाण्यात विरघळतात आणि ठरावीक तापमानाच्या वर गोळा होतात. द्रावण आळीपाळीने गार आणि गरम करूनच ती शुद्ध करता येतात. शुद्धीकरणाच्या महागड्या क्रोमॅटोग्राफी स्तंभांची गरज उरत नाही, आणि भारतातल्या प्रयोगशाळांसाठी हे फार मोलाचे आहे.

इलॅस्टिन लवचीकता देते, पण बळकटीत ते कमी पडते. ती उणीव रेशमातील फायब्रॉइन हे प्रथिन भरून काढते, आणि इथे विदर्भाचा थेट संबंध येतो. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर आणि गोंदिया जिल्ह्यांत ढिवर आणि आदिवासी कुटुंबे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या, म्हणजेच कोसा रेशमाच्या, अळ्या वाढवतात. पक्षी आणि मुंग्या अळ्या खाऊ नयेत म्हणून घरची माणसे झाडाखाली पहारा देतात. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या मागांवर याच कोशाचे कापड विणले जाते. या कोशात एक गुण असा आहे, जो तुतीच्या रेशमात सापडत नाही. टसरच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल हा सलग तुकडा असतो, आणि पेशीच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नेमका तोच तुकडा ओळखून पकडते. तुतीच्या रेशमावर हा तुकडा वेगळा चिकटवावा लागतो. टसरमध्ये तो जन्मजात आहे. खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांच्या गटाने या फायब्रॉइनवर दीर्घकाळ काम केले.

टसरची अडचणही तेवढीच खरी आहे. तुतीचा कोष सोडियम कार्बोनेटमध्ये उकळला की डिंकासारखे सेरिसिन निघते आणि उरलेले फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळते. टसरचा कोष टॅनिनने कठीण झालेला असतो, त्याचे फायब्रॉइन अ‍ॅलॅनिनच्या लांब साखळ्यांनी घट्ट बांधलेले असते आणि ते या द्रावणाला सहज दाद देत नाही. म्हणून अनेक अभ्यासकांनी पक्व अळीच्या रेशीमग्रंथीतूनच प्रथिन काढले. ते अचूक आहे, पण जिल्ह्याच्या पातळीवर चालणारे नाही. कोशापासून स्वस्तात आणि तुकडे न पाडता फायब्रॉइन सोडवणे हाच यापुढचा मुख्य प्रश्न आहे. सेरिसिनचा अंशही मागे राहता कामा नये. फायब्रॉइनसोबत राहिलेल्या सेरिसिनमुळे शरीरात दाह होऊ शकतो.

पतंग बाहेर पडलेल्या फुटक्या कोशातून सलग धागा निघत नाही, म्हणून त्याला भाव कमी मिळतो. फायब्रॉइन विरघळवायचे असेल तर सलग धाग्याची गरजच नसते. फुटका कोष औषधी प्रथिनासाठी पूर्ण कोशाइतकाच कामाचा ठरू शकतो.

रेशीम आणि इलॅस्टिन यांचे तुकडे एकाच साखळीत गुंफलेली कृत्रिम प्रथिने अमेरिकेत जोसेफ कपेलो यांनी घडवली. ती साध्या तापमानाला वाहती राहतात आणि शरीराच्या उबेत घट्ट होतात, म्हणून सुईने आत सोडता येतात. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फायब्रॉइनवर काम झाले आणि त्यातून हाडातील पोकळी भरण्याचे साहित्य बनवणारा उद्योगही उभा राहिला.

अशा साहित्याची निकड विदर्भाला आहे. इथल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या अनेक रुग्णांत मांडीच्या हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटतो, गोल मरतो आणि ऐन तारुण्यात खुबा निकामी होतो. सच्छिद्र फायब्रॉइन एकटे खुब्याचा भार पेलणार नाही, पण सुरुवातीच्या टप्प्यात गोल कोरून झालेली पोकळी भरण्यासाठी त्याची कसून चाचणी व्हायला हवी.

महाराष्ट्राचे रेशीम संचालनालय नागपुरातच आहे. एम्स, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थाही याच शहरात आहेत. या चौघांनी एकत्र बसून वैद्यकीय प्रतीच्या टसर कोशाचे मानक ठरवावे आणि त्यात फुटक्या कोशाचा भावही ठरवावा, ही आग्रहाची विनंती आहे.