डाळ शिजेना, तेव्हा कळलं

आज कोड नाही, ॲप नाही. आज पाणी.

आमचा फ्लॅट पुण्यात, वाघोलीला. सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी. आई गावाहून राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अरे, सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ बोटचेपी होईना. वाण्याने जुनी डाळ दिली तुला." डाळ बदलली, तरी तेच. साबणाला फेस नाही, बादल्यांवर पांढरे डाग. मग गीझर बंद पडला. कॉइल काढली, तर तिच्यावर चुन्याचा जाड थर!

शाळेत 'दुष्फेन पाणी' पाठ केलं होतं, ते असं घरी भेटलं. यातलं कॅल्शियम डाळीला लवकर मऊ होऊ देत नाही.

मी इंजिनिअर ना, लगेच टीडीएस मीटर मागवला. चूक! तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, ते कळत नाही. शेवटी लॅबमध्ये नमुना दिला. कठीणपणा निघाला लिटरला 540 मिलिग्रॅम. भारतीय मानकात पिण्यासाठी मर्यादा 200. दुसरा स्रोतच नसेल तर 600.

सॉफ्टनर विकणारा म्हणाला, "सगळ्या घराला जोडा, पिण्यालाही चालतं." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण सॉफ्टनर करतो काय? कॅल्शियम घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. 540 चा हिशोब केला, तर लिटरमागे सुमारे 250 मिलिग्रॅम सोडियम! आईला बीपी. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, आणि मी तेच नळातून पाजणार होतो.

मग सॉफ्टनर फक्त बाथरूम आणि गीझरच्या लाइनला जोडला. स्वयंपाकघराला वेगळी लाइन, पिण्याला आणि डाळीला आरओ. आरओचं वाया जाणारं पाणी फ्लशला.

खर्च नको असेल तर? गीझर 50 अंशांच्या आसपास ठेवा, थर कमी धरतो. किटली आणि नळाच्या जाळ्या लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात भिजवा. त्यात ब्लीच मात्र कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. पाणी उकळलं की थोडा कठीणपणा जातो, सगळा नाही. तुरटीने गाळ बसतो, कठीणपणा जात नाही.

आता आमची डाळ तीन शिट्ट्यांत शिजते. वाण्याची माफी मागायची मात्र राहिलीये.

तुम्ही आधी पाणी तपासा, मग पैसे काढा. भेटू पुढच्या भागात!