विकायच्या घराची डागडुजी



फ्लॅट विकायचा ठरला की घरात पहिली चर्चा होते ती रंगाची. मुलगी म्हणते, हॉलची एक भिंत गडद करू. जावई म्हणतो, फॉल्स सिलिंग करून घ्या, घर उठून दिसतं. शेजारचे काका सांगतात, अहो, त्या अमक्यांनी चार लाख घातले आणि दहा लाख जास्त घेतले. हे अमके कोण, ते कुणालाच ठाऊक नसतं. मग गवंडी येतो, सुतार येतो, महिनाभर घरात धूळ उडते. आणि इतकं करून गिऱ्हाईक येतं, ते त्या गडद भिंतीकडे बघतही नाही. थेट बाथरूममध्ये जातं आणि मान वर करून छत बघतं.

आज मला बोलायचंय ते या मान वर करणाऱ्या माणसाबद्दल.

उदाहरणाला पुण्यातलं कोथरूड घ्या. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिथे तीन-चार मजल्यांच्या सोसायट्या भराभर उभ्या राहिल्या. लिफ्ट नाही, मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, लोखंडी पाइप. मूळ मालक आता सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरतायत, मुलं बाणेरला नाहीतर बोस्टनला. घर बघायला येतं ते तिशी-पस्तिशीतलं जोडपं. दोघं नोकरी करणारी, आईवडील याच भागात राहणारे, शेजारच्या नव्या इमारतीतला फ्लॅट परवडत नाही म्हणून जुना शोधणारी. यांच्या खिशाचं गणित कळलं, की आपण कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

समजा, तुमच्या फ्लॅटला त्या भागातल्या दराने ८० लाख येतात. तुम्ही सजावट केली आणि ९० सांगितले. जोडप्याला घर आवडलं, त्यांनी ९० कबूलही केले. मग बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येतो. तो कार्पेट क्षेत्रफळ मोजतो, मंजूर नकाशाशी ताडून बघतो, इमारतीचं वय विचारतो, आसपासच्या व्यवहारांचे दर काढतो आणि ८० लाख लिहून निघून जातो. तुमचं भिंतभर टीव्ही युनिट त्याच्या हिशोबात बसतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँकेला घराच्या मूल्याच्या फार तर ८० टक्के देता येतात. म्हणजे ६४ लाख. उरलेले २६ लाख जोडप्याने आपल्या बचतीतून आणायचे. वर मुद्रांक शुल्क आहेच, पुण्यात अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे आणखी ६ लाख ३० हजार. तेच घर ८० लाखांना मिळालं असतं, तर घरचे १६ लाख आणि शुल्काचे ५ लाख ६० हजार पुरले असते. तुमच्या सजावटीपायी त्यांना रोकड जमवायची ती १० लाख ७० हजार जास्त. आणि ती सजावट त्यांच्या आवडीची असेलच असंही नाही.

मग ही मंडळी जास्तीचे पैसे कशाला मोजतात? ज्या कामाची त्यांना धास्ती असते, ते काम आधीच नीट झालेलं असलं, तर त्याला. आणि धास्ती कशाची, विचाराल तर सगळ्यात आधी पाण्याची.

जुन्या इमारतीत संडास-बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्यात भराव घालतात, भरावातून पाइप जातात, वर फरशी बसते. तीसेक वर्षांनी नहाणी ट्रॅपचा सांधा सुटतो, पाणी भरावात मुरत राहतं आणि खालच्या मजल्याच्या छताला पोपडे येतात. थोडक्यात, तुमच्या बाथरूमचं दुखणं दिसतं खालच्या घरात, आणि तुमच्या छतावरचा डाग असतो वरच्या घराचा. त्यामुळे गवंड्याला बोलवायच्या आधी जिना चढून वरच्यांकडे जा, चहा घ्या आणि बोला. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे, की फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमच्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने करायची, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पाणी सोसायटीने थांबवायचं. पण उपविधी हातात घेऊन भांडायला गेलात, तर काम दोन वर्षं लांबतं आणि तोवर तुमची तीन गिऱ्हाइकं छत बघून परत जातात. निम्मा खर्च आपण उचलून वरचं बाथरूम करून दिलं, तरी ते फॉल्स सिलिंगपेक्षा स्वस्त पडतं, असं माझं मत आहे.

आपलं बाथरूम करायचं तर पुरतं करा. जुन्या फरशीवर नवी फरशी चिकटवून देणारे कारागीर भरपूर मिळतात. त्याने दिसायला चकाचक होतं, भरावातलं पाणी तिथेच राहतं. भराव काढायचा, लोखंडी पाइप बदलून सीपीव्हीसीचे घालायचे, वॉटरप्रूफिंग करायचं आणि फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवायचं. खालच्यांच्या छताला ओल आली नाही, की पुढचं काम. या प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. येणाऱ्याला नव्या टाइल्स दाखवण्यापेक्षा टाइल्सखाली काय केलंय ते दाखवलं, तर त्याचा चेहरा लगेच सैल होतो.

पोपड्यावर लांबी भरून रंग मारणारेही असतात. एक पावसाळा टिकतं ते. एजंट सांगतात, पाऊस जाऊ द्या, दसऱ्याला दाखवू. माझा सल्ला उलटा आहे. काम खरोखर केलं असेल, तर घर जुलैत दाखवा. बाहेर पाऊस कोसळतोय आणि भिंत कोरडी आहे, यापुढे दलालाची बडबड फिकी पडते. फक्त पितृपक्षात कुणी यायची वाट बघू नका.

पाण्यानंतर वीज. घर बांधलं तेव्हा एक फ्रिज आणि चार पंखे होते. आता दोन एसी, गीझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन. जुन्या वायरी काढून तांब्याच्या घाला, नीट अर्थिंग, एमसीबी आणि शॉक लागताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी. ओट्यावर आणि ड्राय बाल्कनीत १६ अँपिअरचे पॉइंट. झालं.

स्वयंपाकघरात मात्र हात आखडता घ्या. कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा करणं, सिंक मोठं घेणं, एक्झॉस्ट बसवणं इथपर्यंत ठीक. चार-पाच लाखांच्या ट्रॉल्या आणि चमचमती शटरं नकोत. एखाद्या घरात भाकरी थापायला मोकळा ओटा हवा असतो, एखाद्या घरात ओव्हनला जागा. दुसऱ्याच्या स्वयंपाकाची मांडणी आपण का ठरवायची? त्यापेक्षा माळा रिकामा करा. जुनी सुटकेस, तुटका आकाशकंदील, लग्नात आलेले स्टीलचे डबे यांनी कोंबलेला माळा बघून माणसाला वाटतं, या घरात जागाच नाही.

आता तोडफोडीबद्दल. दोन बेडरूमच्या मधली भिंत पाडून एक प्रशस्त खोली करायची हौस अनेकांना येते. निवृत्त जोडप्याला ती छान वाटते. विकताना मात्र दोन बेडरूम हव्या असणारं प्रत्येक गिऱ्हाईक गळतं, आणि जास्त गिऱ्हाइकं तीच असतात. शिवाय कुठलीही भिंत हलवायची तर सोसायटीची परवानगी लागते. तुळईत वायरीसाठी झिरी मारणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तर दारातूनच परत पाठवा. नव्या इमारतींमध्ये आणखी एक भानगड आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला सगळे मिवान म्हणतात, ओतलेल्या इमारतीत बहुतेक भिंती काँक्रीटच्या आणि वजन पेलणाऱ्या असतात. तिथे साधी खिडकी रुंद करणंसुद्धा अख्ख्या इमारतीच्या जिवावर बेतू शकतं.

आणि बंद केलेली टेरेस. तिची खोली झाली म्हणून आपण खूश. बँकेचा माणूस नकाशा उघडतो, त्यात उघडी टेरेस असते. तो ती खोली मोजत तर नाहीच, वर शेरा मारतो. त्या शेऱ्यापायी कर्ज अडलेलं मी पाहिलंय.

कागद ही पण डागडुजीच समजा, आणि तिला धूळ उडत नाही. भागप्रमाणपत्रावर अजून वडिलांचं नाव आहे का? पहिल्या खरेदीखतापासूनची साखळी पूर्ण आहे का? भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, इंडेक्स दोन, थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला, जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय की नाही, याची एक फाइल तयार ठेवा. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतराचा प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, हेही सेक्रेटरींना नम्रपणे सांगता आलं पाहिजे.

खर्च केलात तर बिलं घ्या आणि पैसे बँकेतून द्या. पाइप, वायरिंग, बाथरूम नव्याने करणं यासारखा घरात कायमची सुधारणा करणारा खर्च भांडवली नफा काढताना वजा मागता येतो. सुटं फर्निचर आणि नेहमीची रंगरंगोटी त्यात धरत नाहीत. कुठली बिलं चालतील, हे आपल्या सीएंना काम सुरू व्हायच्या आधी विचारा.

या सगळ्याला एक अपवाद आहे. तुमची सोसायटी पुनर्विकासाच्या वाटेवर असेल, तर यातलं जवळपास काहीच करू नका. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९च्या निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती असली की पुनर्विकासाचा ठराव पुढे जाऊ शकतो. अशा घराला येणारा माणूस तुमच्या भिंती विकत घेत नसतो. त्या पाडल्यावर मिळणारं क्षेत्रफळ तो घेत असतो. तो छत बघणार नाही, ओटा बघणार नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या विचारेल, विशेष सर्वसाधारण सभा कधी झाली, इतिवृत्त आहे का, बिल्डरने किती टक्के जास्त जागा देऊ केलीय? नळ गळत असेल तर वायसर बदला, बाकी खर्च टाळा, आणि त्या इतिवृत्ताची प्रत सेक्रेटरींकडून आजच मागून घ्या.